बाबांच्या कानातलं वाजणं

"मॅडम, माझ्या कानात जे वाजते ना, ते तुम्हाले त्या नळीतून ऐकू येईल का?"

वाजणं माझं होतं, पण प्रश्न पिंकी आणि दिव्याचा होता. दिवाळीच्या सुट्ट्या संपून चारच दिवस झाले होते आणि शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली होती. व्हरांड्यात आम्हा दहावीच्या मुलींची रांग, पुढे टेबल, टेबलामागे डॉक्टर मॅडम. रांगेत फार वेळ उभं राहिलं की पिंकीच्या डोक्यात काहीही येतं. ती म्हणाली, "आमू, तुह्या कानातलं ते नळीतून ऐकू येते का, विचार ना वं."

"येडी आहे का तू?"

"पाहा बाप्पा!" दिव्या म्हणाली. "चौदा एप्रिलले माईकवर वाघीन, अन् डॉक्टरीनीपुढं मांजर. नाई विचारलं त हप्ताभर माह्या डब्यातलं कारलं तूच खाशील."

कारल्याचं काही नाही, पण मांजर म्हटलेलं मला चालत नाही. चौदा एप्रिलला आमच्या वॉर्डातल्या विहारासमोर मी कागद न बघता नऊ मिनिटं बोलले होते. टाळ्या पडल्या, तेव्हा माझं मलाच खरं वाटेना. त्याआधी मी म्हणजे पिवळ्या डोळ्यांची, सारखी आजारी पडणारी, स्कार्फात तोंड घालून बसणारी मुलगी. मला जन्मापासून सिकलसेल आहे. रोज एक कॅप्सूल, एक फॉलिक ॲसिडची गोळी, दप्तरात दोन लिटरची बाटली, आणि थंडी सुरू झाली की हाडांत दुखणं उठतं. ते उठलं की मी कोणाचीच नसते, आईचीसुद्धा नाही. पण टाळ्या पडल्यापासून मला वाटायला लागलं होतं की दुखणं उठत नाही तेवढे सगळे दिवस आपल्याच बापाचे.

म्हणून मी टेबलापुढे गेले आणि विचारून टाकलं. मागे दोघी तोंडावर ओढणी दाबून खिदळत होत्या.

मला वाटलं मॅडम हसतील, नाहीतर रागावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कोणत्या कानात?"

"डाव्या."

"कधीपासून?"

"आठवीपासून. पण ते काही नाही मॅडम, मी गंमत म्हणून विचारलं. ते त सगळ्यांलेच वाजते."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"गडचांदुरात सगळ्यांले. खदानीतल्या सुरुंगानं. माझ्या बाबाले बी वाजते."

मॅडमने माझ्या मागे पाहिलं. "तुझ्या कानात वाजतं का गं?"

पिंकीने मान हलवली. नाही.

"आणि तुझ्या?"

"नाई मॅडम," दिव्या म्हणाली. "माह्या कानात त नुसता मळ आहे."

रांग हसली. मीही हसले. मग लक्षात आलं. या दोघींना मी आजवर कधी विचारलंच नव्हतं. तुला नाक आहे का, असं कोणी मैत्रिणीला विचारतं का?

ते वाजणं कसं असतं, हे सांगायला हवं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक सूं सूं सुरू होते ना, तसं. फक्त शिट्टी कधी होतच नाही. दमले, थंडी वाजली, पाणी कमी प्यायलं, की वाढतं. दुखणं उठलं की हाडं आणि कान दोघं मिळून माझ्याशी भांडतात. उन्हाळ्यात कूलर चालू असला की बरं वाटतं. आणि सगळ्यात बरं वाटतं ते पिठाच्या गिरणीत. पट्टा फिरायला लागला की माझ्या कानातलं बिचारं हरवून जातं. म्हणून दळण आणायचं काम मी दोन वर्षांपासून कोणाला करू देत नाही. आई कौतुकाने सांगते, माही पोरगी कामाची आहे.

मॅडमने नाव विचारलं. "आम्रपाली धनराज खोब्रागडे," मी म्हटलं. ते ऐकताच बाजूला बसलेल्या गिरजाबाईंनी दुसरं जाड रजिस्टर ओढलं. गिरजाबाई आमच्या वॉर्डाच्या आशाताई. सिकलवाल्यांचं रजिस्टर वेगळं असतं.

मॅडम म्हणाल्या, "नळीतून मला ऐकू येणार नाही. पण मला ऐकू आलं नाही म्हणजे ते नाही, असं होत नाही. इकडे ये." त्यांनी मला जवळ उभं केलं आणि माझा उजवा कान तळव्याने घट्ट झाकला. दुसरा हात माझ्या डाव्या कानाजवळ नेला. मी वाट पाहिली. मग त्यांनी तळवा काढला.

"करा ना मॅडम," मी म्हटलं.

"केलं," त्या म्हणाल्या. "बोटं घासली मी. बराच वेळ."

पिंकीचं खिदळणं थांबलं होतं. तिने ती बोटं घासलेली ऐकली होती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

मॅडमने मला खुर्चीवर बसवलं आणि रांगेला थांबायला सांगितलं. सिकलमध्ये रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे मला पाठच आहे. त्या हाडात अडकल्या की दुखणं उठतं. मॅडम म्हणाल्या, "कानाच्या आत खूप बारीक नळ्या असतात. तिथेही अडकू शकतात. सगळ्या सिकलवाल्यांना होतं असं नाही, आणि तपासल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही. पण हे दोन वर्षांपूर्वीच तपासायला हवं होतं." मग त्या रजिस्टरवर वाकल्या आणि थबकल्या. "तुला तर चिठ्ठी दिली होती. चंद्रपूरला कानाची तपासणी. ही सही कोणाची?"

माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी असते तीच सही होती. 'ध' च्या शेपटीला बाबा एक वळसा देतात, पतंगाच्या दोरीसारखा. दोन वर्षांपूर्वीची तारीख, आणि त्यापुढे गिरजाबाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'तपासणी झाली.'

"मी दोनदा घरी आली होती पोरी," गिरजाबाई हळूच म्हणाल्या. "तुही माय म्हणे, जाऊन आलो, काई निघालं नाई. तू गेली नव्हती का?"

मी चंद्रपूरला गेले होते, मावसभावाच्या लग्नाला. कानासाठी कधीच नाही.

मॅडमने नवी चिठ्ठी लिहिली. मंगळवारी जायचं होतं. "हे वाजणं पूर्ण बंद होईलच, असं मी तुला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण ऐकणं किती कमी झालं ते कळेल. मशीन लागली तर वर्गात ऐकू येईल, वाजणंही थोडं मागे पडतं बऱ्याच जणांचं. आणि उजवा कान जपता येईल. पंधराची आहेस ना? मग आईबाबांपैकी एक जण सोबत पाहिजे. सही लागते."

सही, म्हणे.

सिकलचा एक फायदा आहे. पाय दुखतो म्हटलं की शाळेत कोणी अडवत नाही. मी तसं म्हटलं आणि निघाले. पिंकी फाटकापर्यंत आली. तिथे ती म्हणाली, "कारलं मी खाईन वं हप्ताभर." मला रडूच यायचं होतं, पण हसू आलं.

घरी कोणी नव्हतं. आई अंगणवाडीत मदतनीस आहे, ती तीनला येते. बाबा खदानीत ड्रिल मशीनवर, पहिल्या पाळीला. मी कुलूप काढलं आणि सरळ कपाट उघडलं. आमच्या घरात कागद राहतो तो फक्त बाबांच्या निळ्या फाइलमध्ये.

फाइल मांडीवर घेऊन बसले आणि ती संध्याकाळ आठवली. आठवीतली. वाजणं सुरू होऊन तीन दिवस झाले होते आणि मी खाटेवर उशी कानावर दाबून रडत होते, की आता मला वेड लागणार. बाबा पाळीवरून आले. हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि बुटासकट माझ्याजवळ बसले. म्हणाले, "अवं येडे, एवढंच ना? मले बी वाजते. गडचांदुरात राहून कान वाजत नाई असा एक माणूस आणून दाखव मले. सुरुंग उडते ना रोज. सगळ्याइलेच वाजते, कोणी रडते का?"

मी रडायची थांबले. त्या दिवसापासून आमचा एक खेळ झाला. सकाळी चहा पिताना बाबा विचारायचे, "आज किती?" दहापैकी. मी म्हणायची तीन, ते म्हणायचे, "माह्यं चार." मी म्हणायची सहा, ते कपाळावर हात मारायचे, "सात! मेलो आज मी." माझ्यापेक्षा नेहमी एक जास्त. दुखणं उठलेल्या दिवशी मी आठ म्हटलं, तर ते नऊ म्हणाले आणि डोकं धरून असे लोळले की मी दुखत असतानाही हसले. दोन वर्षं. माझं वाजणं कोणाला ऐकू येत नव्हतं, पण त्यात कोणीतरी सोबतीला होतं.

दोन वाजता खदानीचा भोंगा झाला, मग सुरुंग. मांडणीवरच्या थाळ्या थरथरल्या, रोजच्यासारख्या. तेव्हाच माझ्या हाताला बाबांचे कंपनीचे रिपोर्ट लागले.

खदानीत काम करणाऱ्यांची दरवर्षी तपासणी होते. छाती, डोळे, कान. कानाची गोष्ट बाबा दरवर्षी रंगवून सांगतात. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. "टीव्हीवरच्या क्विझसारखं," ते म्हणतात, "फक्त बक्षीस नाई भेटत." आम्ही हसायचो. मी सुद्धा हसायची! आपला बाप दरवर्षी काचेच्या खोलीत बसून येतो आणि आपण एकदाही नाही, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही.

तीन वर्षांचे तीन रिपोर्ट. दोन्ही कान नॉर्मल. प्रत्येकात इंग्रजीत छापलेली एक ओळ, कानात आवाज येतो का? त्यापुढे तिन्ही वेळा लिहिलेलं, नाही. खाली 'ध', आणि शेपटीचा तो वळसा.

आणि तिसऱ्या रिपोर्टच्या मागे, चार घड्या घातलेली, माझी चिठ्ठी.

मी तिथेच फरशीवर बसून राहिले. रडू आलं नाही. मला कुलदीप सर आठवत होते. ते गणित शिकवताना डावीकडून येरझारा घालतात. नववीत त्यांनी तीनदा माझं नाव घेतलं आणि मी खिडकीकडेच पाहत होते, तर म्हणाले, "महाराणीला हाक ऐकू येत नाही, मागच्या बाकावर जा." आणि मला आई आठवत होती. गेल्या वर्षी दूध उतू गेलं, तेव्हा मी शेगडीपाशीच उभी होते, तिच्याकडे डावी बाजू करून. तिने चार हाका मारल्या म्हणे. पाठीत धपाटा घातला आणि ओरडली, "कान आहेत का भोकं? ध्यान कुठी रायते तुहं?" तेव्हा ही चिठ्ठी कपाटातच होती. तिला माहीत होतं. माहीत असून ओरडली.

बाबा पावणेतीनला आले. अंगावर पांढरी धूळ, हेल्मेट खुंटीला. "काय वं आमू, शाळा सोडून घरी? पाय दुखते का?"

मी फाइल पाठीमागे सरकवली. मला एकदा खात्री करायची होती. खरं सांगू? मला वाटत होतं की कागद चुकला असेल. कंपनीत काम जाईल या भीतीने माणूस नाही म्हणून सही करतो, तसं काही असेल. बाबांच्या कानात खरंच वाजत असेल.

"बाबा, आज किती?"

"आज?" त्यांनी बुटाची लेस सोडली. "सकाळी तू किती म्हटली होती?"

"चार."

"मंग पाच समज. लय ड्रिल चालली आज."

पाच समज. मी रोज कानात खरंखुरं मोजून आकडा सांगत होते, आणि ते त्यात एक मिळवत होते. बस, एवढंच.

मी फाइल पुढे आणली. तिन्ही रिपोर्ट एकाखाली एक मांडले, मग जुनी चिठ्ठी, मग आजची. पत्ते मांडतात तसे. बाबांचा एक बूट पायात, एक हातात. ते वाचत होते असं वाटत नव्हतं. कागद कोणते आहेत, हे त्यांना लांबूनच कळलं होतं.

"आमू..."

"तुमच्या कानात वाजते का बाबा? खरं सांगा."

त्यांनी बूट खाली ठेवला. "नाई."

"कधीच?"

"सुरुंग उडाला का दोन मिनिटं. मंग जाते."

तेवढ्यात आई आली. दारातून तिने कागद पाहिले, माझं तोंड पाहिलं, आणि हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली. "कोणं दाखवलं तुले?" ती म्हणाली.

कोणं दाखवलं! म्हणजे कागदांचं काही नाही, दाखवणाऱ्याचीच चूक.

"मीच काढले," मी म्हटलं. "गिरजाबाईले तू काय सांगितलं? जाऊन आलो? कोण गेलं होतं वं आई, माह्या कानाले घेऊन?"

"हळू बोल. बाजूले ऐकू जाते."

"जाऊ दे! बाजूले ऐकू जाते, मलेच जात नाई!"

बाबा म्हणाले, "कांता, बस आधी." ती बसली नाही. मग तेच बोलायला लागले, मोज्याकडे पाहत. "नेणारच होतो पोरी. तुह्या गोळ्या आणाले गेलो तेव्हा कानाचं विचारलं, चिठ्ठी भेटली. त्या डॉक्टरानं म्हटलं, पूर्ण बरं होईल असं सांगता येत नाई. मशीन बी लागू शकते म्हणे. मंग घरी येऊन आम्ही दोघं..."

"दोघं नाई, मीच म्हटलं," आई मध्येच बोलली. "राग माह्यावर काढ. मीच म्हटलं नाई न्यायचं. इलाज नाई त सांगून काय करायचं होतं? लेकराच्या जिवाले अजून एक घोर?"

"अन् मशीन?"

आईने पिशवी खाली ठेवली. अंगणवाडीत रडणाऱ्या पोरांशी बोलते तसा तिचा आवाज झाला. "हे पाह्य आमू. रक्तातलं कोणाले दिसत नाई. डोळे पिवळे दिसले त कावीळ म्हणता येते. पाय दुखला त मुरगळला म्हणता येते. कानाची मशीन सारा गाव पाह्यते. आधीच एक ठप्पा आहे तुह्यावर. दुसरा मी माह्या हातानं लावू? उद्या तुले पाहाले कोण येईन?"

मला पाहायला! मी पंधरा वर्षांची आहे, मला सध्या फक्त कुलदीप सरांना पाहायचं आहे, आणि ऐकायचं आहे.

"मंग दूध उतू गेलं तेव्हा काऊन मारलं मले?"

ती वाकून पिशवीची गाठ सोडायला लागली.

"तुले माहीत होतं मले ऐकू येत नाई. मंग ध्यान कुठी रायते म्हणून काऊन ओरडली?"

"ध्यानातच नाई राह्यलं," आई म्हणाली. तिचे डोळे भरले. "खरं सांगते. मी सोताच इसरून गेली होती. लपवून लपवून मलेच वाटाले लागलं, का काई नाईच."

एवढं खरं ती आजवर माझ्याशी बोलली नव्हती बहुतेक. पण त्याने मला बरं वाटलं नाही. ती विसरू शकत होती. मी कशी विसरणार?

बाबा म्हणाले, "तू रडत होती त्या दिवशी. एवढीशी झाली होती उशीखाली. मले काई सुचलं नाई. म्हटलं, मले बी वाजते, त तू हासली. दुसऱ्या दिवशी कसं सांगू, का नाई वाजत म्हणून?"

"दुसऱ्या दिवशी नाई, त तिसऱ्या दिवशी सांगायचं होतं. सातशे दिवस होते बाबा."

"तुले एकटं नको वाटाले, म्हणून..."

"पण मी एकटीच होती ना!" आता मात्र माझा आवाज फाटला. "तुम्ही त सगळं ऐकत होते! तुम्हाले माहीत आहे मले काय वाटत होतं? सगळ्याइच्या कानात वाजते, तरी सगळ्याइले गणित समजते, हाका ऐकू येतात. मले एकटीलेच नाई येत. म्हणजे माह्यातच कमी आहे. मी ढ आहे. दोन वर्षं मी सोतालेच ढ म्हणत होती, बाबा. सिकल आहे म्हणून मले कधी लाज नाई वाटली. याची वाटली."

मी कोपऱ्यातला ज्वारीचा डबा उचलला. आई म्हणाली, "कालच त दळण आणलं." मी ऐकलं, आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. पहिल्यांदाच, मुद्दाम.

गिरणीवाल्या सोमारीबाईंनी विचारलं, "आज पुन्हा?" मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत. बघा, खोटं बोलायला किती सोपं असतं! पट्टा फिरायला लागला. मी नेहमीच्या पोत्यावर बसले, भिंतीला पाठ लावून. कानातलं वाजणं त्या घरघरीत बुडालं आणि मी सुटल्यासारखी रडले. गिरणीत रडलेलं कोणाला ऐकू येत नाही, आणि दिसलं तरी पीठ डोळ्यांत गेलं म्हणता येतं. मग मनात आलं, की मीही आईसारखंच म्हणायला लागले. कावीळ म्हणता येतं, मुरगळला म्हणता येतं, पीठ गेलं म्हणता येतं. या रस्त्याने मी पण जाणार का? चाळीस वर्षांची झाले तरी दळणाचा डबा घेऊन इथे येऊन बसणार, आणि कोणी विचारलं तर पाहुणे येणार आहेत म्हणणार?

सोमारीबाईंनी पट्टा थांबवला. घरघर बंद झाली आणि माझं वाजणं परत आलं. चार नव्हतं, चांगलं सात होतं. त्यात मिळवायला कोणी नव्हतं. मी पीठ घेतलं आणि घरी आले.

दिवेलागणीला आमच्या घरी वंदना होते. तथागतांच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे आई मेणबत्ती लावते, आम्ही तिघं चटईवर बसतो. त्या दिवशी कोणी कोणाला बोलावलं नाही, पण वेळ झाली तसे तिघंही येऊन बसलो. मी रोज बाबांच्या उजवीकडे बसते. तिथे चुकतं काय, ते मला आजच कळलं होतं. तिथे बसलं की त्यांचा आवाज माझ्या डाव्या कानावर येतो, म्हणजे धड येतच नाही. मी उठून त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले.

पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे बाबांचा आवाज थांबला. आईने एकटीने म्हणायला सुरुवात केली आणि तीही अडखळली. ते शील मी म्हटलं, माईकवर बोलते तशा आवाजात, शेवटपर्यंत. मग पाचवं तिघांनी मिळून म्हटलं.

वंदना झाल्यावर आई उठायला लागली. मी म्हटलं, "बसा. मले बोलायचं आहे."

ती बसली. बाबांनी हात जोडलेलेच ठेवले होते, काढायला विसरले असतील.

"मंगळवारी आपण चंद्रपूरले जाऊन राह्यलो. पहिल्या बसनं. त्या काचेच्या खोलीत मी बसणार, बटण मी दाबणार. मशीन लागली त मी घालणार, अन् दोन वेण्या वर बांधून घालणार. केसांखाली लपवणार नाई. आई, उद्या मी कुलदीप सराइले बी सांगणार अन् साऱ्या वर्गाले बी, सिकलचं अन् कानाचं, दोन्ही. कोणी विचारलं त तू कावीळ म्हणू नको. तुले जमत नसन, त माह्याकडे पाठव, मी सांगीन."

आई पदराशी चाळा करत होती.

"बाबा, मोठ्या माणसाची सही लागते, म्हणून तुम्ही सोबत या. तुम्ही फक्त सही करायची. डॉक्टरानं काईही विचारलं, त बोलणार मी. अन् उद्यापासून सकाळी मले तुमचा आकडा नका सांगू. माह्या कानात किती वाजते ते मी सांगत जाईन. तुम्ही नुसतं ऐकायचं."